पडद्यावर नाव नको, दारात मात्र हवे!



आपल्यापैकी ज्या कुटुंबांनी अलीकडे धम्मदीक्षा घेतली, त्यांची मुले-मुली आज मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत शिकत आहेत, नोकऱ्या करीत आहेत आणि सुट्टीच्या दिवशी चित्रपट पाहत आहेत. ह्यात वावगे काहीच नाही. करमणुकीवर आपलाही हक्क आहे, आणि तो हक्क आपणांस कोणाच्या औदार्याने मिळालेला नाही. राज्यघटनेच्या 15 व्या कलमाच्या दुसऱ्या खंडात दुकाने, उपाहारगृहे व हॉटेले ह्यांच्या जोडीला सार्वजनिक करमणुकीची ठिकाणेही नमूद केलेली आहेत. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून तेथे कोणाही नागरिकाला अटकाव करता येत नाही. आपण तिकीट काढतो आणि वाटेल त्याच्या शेजारी खुर्चीवर बसतो, ते ह्या खंडाच्या बळावर.

परंतु चित्रपटगृहात तीन तास शेजारी चालणारा मनुष्य इमारतीत शेजारी म्हणून चालतो काय? हा प्रश्न मी विचारतो, कारण मी शहरात नोकरी करणारा, भाड्याच्या खोलीत राहणारा तरुण आहे. माझ्या वयाची मंडळी आज असे म्हणतात की, काळ बदलला. आता आपल्या दुःखावर चित्रपट निघतात, सवर्णही ते पाहून डोळे पुसतात, मग जुनी गाऱ्हाणी कशाला? ह्या म्हणण्याची एकदा नीट झडती घेतली पाहिजे.

काळ काहीसा बदलला, हे खरे आहे. नागराज मंजुळे ह्यांचा ‘फँड्री’ 2014 साली महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. डुक्कर काठीला बांधून वाहून नेणारे कुटुंब शाळेच्या भिंतीजवळून जाते, आणि त्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा ह्यांची चित्रे असतात. हे दृश्य मराठी पडद्याने त्यापूर्वी आम्हांला दाखविले नव्हते. 2016 साली ‘सैराट’ आला. गावातून पळून परप्रांतीच्या शहरात संसार थाटलेल्या जोडप्याला जात तेथवर येऊन गाठते, हे घरोघर पोहोचले. 2022 साली ‘झुंड’मध्ये नागपूरच्या वस्तीतील बाबासाहेबांची जयंती मोठ्या पडद्यावर आली. 2023 साली ‘मेड इन हेवन’ ह्या मालिकेच्या एका भागात नीरज घेवान ह्यांनी बौद्ध पद्धतीचा विवाह दाखविला. वधू सुशिक्षित, नामवंत. आपला विधी झालाच पाहिजे असा आग्रह ती धरते. आपल्या कित्येक मुलींनी तो भाग पुन्हा पुन्हा पाहिला, आणि त्यांना आनंद झाला तो रास्तच होता.

आता दुसरी बाजू पाहा. महात्मा जोतीराव व सावित्रीबाई ह्यांच्या चरित्रावरील ‘फुले’ हा हिंदी चित्रपट 2025 साली तयार झाला. त्यातून ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ हे शब्द काढावयास चित्रपट प्रमाणन मंडळाने सांगितले. 11 एप्रिल ह्या जोतीरावांच्या जयंतीदिनी प्रदर्शित व्हावयाचा तो चित्रपट आक्षेपांच्या गदारोळात लांबला आणि 25 एप्रिलला आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘धडक 2’ प्रदर्शित झाला. त्यातीलही जातिवाचक शब्द मंडळाने बदलावयास लावले. वाचकहो, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे ह्या मांग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. दोन्ही जातींची नावे त्याच्या शीर्षकातच आहेत. जे शब्द 1855 साली एक शाळकरी मुलगी छापून आणू शकली, ते शब्द 170 वर्षांनी त्याच शाळेच्या कथेतून गाळावे लागावेत, ह्याला प्रगती म्हणावयाचे काय? जुलूम ज्याच्यावर झाला त्याचे नाव घ्यावयाचे नाही, ज्या राज्यात झाला त्याचेही नाव घ्यावयाचे नाही. मग उरते ते केवळ एक करुण चित्र. ते पाहून प्रेक्षकाचे डोळे भरतात, पण आपल्या आजोबाने काय केले, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवत नाही.

‘जातीचे नाव काढल्याने जात वाढते, म्हणून ते शब्द नकोत,’ असे ह्यावर सांगण्यात येते. हे प्रामाणिक असते तर पडद्याबाहेरही ते नाव कोणी विचारले नसते. परंतु शहरातील आपल्या मुलाचा एक दिवस डोळ्यांपुढे आणा. कार्यालयात नवा सहकारी पहिले नाव ऐकून थांबत नाही; ‘पूर्ण नाव काय?’ असे विचारतो. आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव विचारतो. तेवढ्यानेही भागले नाही तर ‘तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा?’ असे सहज विचारतो. 14 एप्रिलची रजा मागितली की त्याचे उत्तर त्याला मिळते. 6 डिसेंबरला दादरला लोटलेल्या गर्दीबद्दल तो जे बोलतो, ते समोर बसलेल्या आपल्या मुलाला मुकाट्याने ऐकावे लागते. घर शोधू जावे तर दलाल प्रथम विचारतो, ‘व्हेज की नॉनव्हेज?’ हा प्रश्न भाजीचा नसतो, हे विचारणारा जाणतो आणि उत्तर देणाराही जाणतो. एका दलालाने मला खोली दाखविली, भाडे ठरले, अनामत ठरली, आणि मग त्याने पूर्ण नाव विचारले. दुसऱ्या दिवशी खोली ‘गेली’ होती. पुढे महिनाभर तिची जाहिरात चालूच होती.

ही एकट्याची रडकथा नव्हे. प्रा. सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याची पद्धतशीर तपासणी केलेली आहे. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या आडनावांनी पाठविण्यात आले. दलित व मुस्लिम नावांना बोलावणी कमी आली, असे त्यांच्या 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसते. 2015 साली दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांविषयी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही दलित व मुस्लिम भाडेकरूंनाच नकार सोसावे लागल्याचे आढळले. म्हणजे नाव गाळावयाचे ते केवळ पडद्यावर. नोकरीच्या अर्जावर आणि घराच्या उंबरठ्यावर ते हवेच! पडद्यावर ते उच्चारले तर आपला जाब विचारला जाईल अशी त्यांना भीती वाटते. दारात ते विचारले म्हणजे आपल्याला हाकलता येते. ह्या दोन्ही गोष्टी एकाच हिताच्या आहेत.

ह्याचा परिणाम आपल्या मुलांवर काय होतो, हे नीरज घेवान ह्यांच्याच ‘होमबाउंड’ ह्या 2025 च्या चित्रपटात पाहावयास मिळते. चंदन आणि शोएब हे दोन मित्र पोलीस भरतीच्या मागे लागलेले आहेत. चंदन दलित आहे. नाव सांगताना तो आडनाव गिळतो. राखीव जागेवर हक्क असूनही अर्ज सर्वसाधारण गटातून भरतो, कारण जात उघड झाली तर मान खाली जाईल अशी त्याला धास्ती आहे. आपल्या हक्काचे दार तो आपल्याच हाताने लावून घेतो. आपल्या वस्तीत असे चंदन नाहीत काय? वर्गात जयंतीचा फोटो लपविणारा मुलगा, मैत्रिणी घरी यावयाच्या म्हणून बुद्ध-बाबासाहेबांची तसबीर आतल्या खोलीत नेणारी मुलगी, आडनाव बदलून गावाचे नाव लावणारा अधिकारी, हे सर्व चंदनच होत. मी त्यांना दोष देत नाही. दोष विचारणाऱ्याचा आहे. परंतु लपविण्याने सुटका होत नाही, एवढे मात्र त्यांना सांगितले पाहिजे. लपविणाऱ्याला उभा जन्म पुढच्या प्रश्नाच्या धाकात काढावा लागतो.

परमपूज्य बाबासाहेबांनी नावाचा हा प्रश्न फार पूर्वीच ओळखला होता. 31 मे 1936 रोजी मुंबईच्या परिषदेत केलेल्या ‘मुक्ती कोन पथे?’ ह्या भाषणात त्यांनी धर्मांतर हे एक प्रकारचे नामांतरही आहे, असे समजावून दिले. हिंदू राहून कितीही नवी नावे घेतली तरी विचारणारा खोदून खोदून मूळ जातीपर्यंत जातो, म्हणून खरे नामांतर धर्मांतरातच आहे, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला लाखो लोकांनी जे नाव घेतले, ते लपविण्यासाठी घेतलेले नव्हते. दुसऱ्याने लादलेले नाव टाकून स्वतः निवडलेले नाव त्यांनी उघड्या मैदानात घेतले. ते नाव दलालाच्या दारात गिळावयाचे असेल तर त्या मैदानात जाण्याचे प्रयोजनच काय होते?

येथे एक शंका येईल. आपण बौद्ध झालो, मग दाखल्यावर जुन्या जातीचे नाव कशासाठी? ह्याचे उत्तर स्पष्ट आहे. धर्म बदलल्याने पिढ्यान्‌पिढ्यांची नुकसानी भरून निघत नाही. म्हणूनच दीर्घ लढ्यानंतर 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. दाखल्यावरील जात ही आपली ओळख नव्हे. ती समाजाकडून येणे असलेल्या कर्जाची नोंद आहे. सावकाराने खतावणी फाडावी हे समजण्यासारखे आहे, पण ज्याचे येणे आहे त्याने ती का फाडावी? 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 84 लाख बौद्धांची नोंद झाली, आणि त्यांपैकी 65 लाखांवर महाराष्ट्रात होते. 2027 च्या जनगणनेसाठी धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ आणि जातीच्या रकान्यात दाखल्याप्रमाणे जात, अशी दोन्ही उत्तरे प्रत्येक कुटुंबाला पाठ असली पाहिजेत.

मग करावयाचे काय? मुलांना चित्रपटास जाऊ द्या. पण घरी आल्यावर त्यांना विचारा की, ह्यात आपला माणूस कोण होता? तो केवळ मेला, की काही बोललाही? 2019 च्या ‘आर्टिकल 15’ मध्ये घटनेचे कलम भिंतीवर लावले जाते, पण न्याय मिळवून देणारा नायक ब्राह्मण अधिकारी आहे आणि आपल्या मुली झाडाला लटकलेल्या आहेत. अशा कथेतील कळवळा पाहून हुरळून जाऊ नये, हे त्यांना शिकवा. कळवळ्याला दरवाजा उघडावा लागत नाही. तो दुरूनही करता येतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे कायदा शिकवा. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या चौथ्या कलमात निवासाची जागा घेण्यास किंवा तीत राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून अडथळा आणणे, हा गुन्हा सांगितलेला आहे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर ते कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले, असे विरुद्ध सिद्ध होईपर्यंत न्यायालयाने गृहीत धरावे, असे त्याच कायद्याचे बारावे कलम म्हणते. हे हत्यार आपल्या घरात आहे आणि त्याच्यावर गंज चढला आहे. नकार मिळाला की तारीख, वेळ, दलालाचे शब्द लिहून ठेवा. संदेश पुसू नका. साक्षीदार सोबत न्या. प्रत्येक विहाराने नकारांची एक नोंदवही ठेवावी. त्याच वहीच्या दुसऱ्या बाजूला आपल्या लोकांच्या रिकाम्या खोल्या लिहाव्यात, म्हणजे खेड्यातून शिकावयास आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी आपले नाव गिळावे लागणार नाही.

शेवटी माझ्या वयाच्या मित्रांना एवढेच सांगावयाचे आहे. ‘पूर्ण नाव काय?’ असे कोणी विचारले तर पूर्ण नाव सांगा, धर्म बौद्ध म्हणून सांगा, आणि लगेच विचारा, ‘आपण हे कशासाठी विचारले?’ विचारणाऱ्याला उत्तर द्यावे लागू दे. आजवर उत्तरे केवळ आपणच देत आलो आहोत.

जय भीम!