तपाचा संकल्प आणि स्टेरॉइडची गोळी

पर्युषण जवळ आले की घरोघरी एकासणे, आयंबिल, अठ्ठाईचे संकल्प होऊ लागतात. ज्यांच्या घरी दमा, संधिवात किंवा त्वचाविकारासाठी कोणी दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेत असेल, त्यांनी पच्चक्खाण घेण्यापूर्वी हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर अधिवृक्क ग्रंथी असतात. त्यांतून स्रवणारे कॉर्टिसोल हे संप्रेरक रक्तदाब व रक्तातील साखर सावरून धरते. पोट रिकामे असताना तर त्याचा विशेष आधार. त्याचे प्रमाण दिवसभर सारखे नसते. सकाळी ८ च्या सुमारास ते सर्वाधिक असते आणि मध्यरात्री अगदी उतरते. म्हणूनच तपासणीचे रक्त सहसा सकाळी घेतात. वेळ न पाहता नुसत्या आकड्याला घाबरणे म्हणजे दुकान उघडताक्षणी गल्ला मोजून दिवसाचा धंदा ठरवणे होय.

हे संप्रेरक फार वाढले तर कुशिंग विकार होतो आणि ग्रंथीच निकामी झाल्या तर ॲडिसनचा विकार. दोन्ही विरळ. आपल्या घरांत अधिक आढळणारा प्रकार औषधातून येतो. प्रेडनिसोलोनसारखी गोळी तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ घेतली, की शरीर तिलाच कॉर्टिसोल समजते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी आज्ञा देणे थांबवते आणि अधिवृक्क ग्रंथी निद्रिस्त होतात. त्या जाग्या व्हायला कधी कधी अनेक महिने लागतात. म्हणून डॉक्टर ही गोळी एकदम बंद न करता हळूहळू कमी करतात.

उपवासात औषधही वर्ज्य मानून गोळी थांबवली, तर बाहेरचे कॉर्टिसोल नाही आणि आतलेही नाही. मग उलटी, पोटदुखी, भोवळ, ग्लानी सुरू होते. घरचे म्हणतात, पित्त झाले असेल, पारणे झाले की बरे वाटेल. खरा धोका या समजुतीत आहे. रक्तदाब काही तासांत कोसळून प्राणावर बेतू शकते. अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठावे आणि रुग्ण स्टेरॉइड घेत होता, हे सर्वप्रथम सांगावे. हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन व सलाईन वेळेवर मिळाल्यास रुग्ण सावरतो. गुडघेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्यांतही स्टेरॉइड मिसळलेले आढळते, त्यामुळे आजी-आजोबांच्या पुड्या डॉक्टरांना अवश्य दाखवाव्यात.

तत्त्वार्थसूत्राने तप शक्तीनुसार सांगितले आहे. ऊनोदरी, रसपरित्याग, स्वाध्याय हीसुद्धा तपेच आहेत. सकाळची गोळी नवकारसीनंतर, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी, काही खाऊन घेता येते का आणि दुसरी मात्रा चौविहारापूर्वी बसते का, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. महाराजसाहेबांपुढे पच्चक्खाणासाठी हात जोडताना गोळ्यांची गोष्टही सांगावी. ती ऐकल्यावर ते अठ्ठाईचा आग्रह धरतील, असे मला वाटत नाही.