ट्रॉलीचा भार आणि कायद्याचा काटा

उसाचा गाळप हंगाम सुरू झाला, की पश्चिम महाराष्ट्रातील रस्त्यांवर शिगोशीग भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. अनेक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असलाच तर तो उसाच्या वाढ्यांखाली झाकलेला असतो. अपघात घडला, की चालकावर गुन्हा नोंदवला जातो. ती ट्रॉली एवढा भार वाहण्यासाठी बनवली होती काय, हा मूळ प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो.

कायद्याच्या दृष्टीने ट्रॅक्टर आणि ट्रॉली ही स्वतंत्र वाहने आहेत. ट्रॉलीचीही नोंदणी लागते. तिचे रिकामे वजन आणि भारासह कमाल वजन नोंदणी पुस्तकात दिलेले असते. या दोहोंतील फरक म्हणजेच वाहून नेता येणारा माल. प्रत्यक्षात खरेदी करताना ट्रॅक्टरचा हॉर्सपॉवर तेवढा पाहिला जातो. परंतु भार ओढणे सोपे, थांबवणे अवघड. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील, तर उतारावर मागचा भार ट्रॅक्टरलाच पुढे रेटतो. त्यामुळे आस, टायर, ब्रेक आणि जोडणीचा हूक हे सारे त्या भाराला पुरेसे आहेत का, हे आधी तपासणे अगत्याचे ठरते.

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने जादा भारासाठी २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड ठरवला. पाच टनांची क्षमता असलेल्या ट्रॉलीत आठ टन ऊस भरला, तर दंड २६ हजारांवर जातो. केवळ दंड भरून सुटका नाही. जादा माल वाहनधारकाच्या खर्चाने उतरवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच बजावले आहे.

तरीही हा प्रकार थांबत नाही, कारण वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. ट्रॅक्टरचे हप्ते आणि मजुरांना दिलेली उचल वसूल करायची, तर प्रत्येक खेपेत अधिक ऊस भरण्याचा मोह होतो. विशेष म्हणजे हे काही लपून होत नाही. प्रत्येक खेपेचे वजन कारखान्याच्या काट्यावर नोंदवले जाते. नोंदणीकृत क्षमतेपलीकडील खेप तेथेच नाकारली आणि क्षमतेइतक्या भारात परवडेल असा दर दिला, तर रस्त्यावरील पोलिसाचे अर्धे काम हलके होईल. पुरावा रोज छापील पावतीवर उमटत असताना कारवाईसाठी अपघाताची वाट पाहण्याचे कारण नाही.