स्वित्झर्लंड पाहावे, घोटी जाणावी

दिवाळीची धामधूम ओसरली की महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत उन्हाळी सुट्टीचे बेत सुरू होतात. एके काळी हे बेत आजोळ, कुलदैवत आणि फार तर काशी-रामेश्वर एवढ्यापुरते मर्यादित असत. आज त्यांची झेप आल्प्स पर्वतापर्यंत गेली आहे, आणि ती केवळ मुंबई-पुण्याची मिरास राहिलेली नाही. भाताच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या इगतपुरी तालुक्यातील घोटीसारख्या गावातही आता स्वित्झर्लंडचा विषय निघतो. याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. कष्टाने मिळवलेल्या पैशातून कोणी जग पाहत असेल तर ते स्वागतार्हच आहे. प्रश्न एवढाच की, तेथे जाऊन आपण पाहतो काय आणि परतताना आणतो काय?

मराठी माणसाला या चिमुकल्या देशाची ओढ लागली ती प्रामुख्याने रुपेरी पडद्यामुळे. १९८९ चा ‘चांदनी’, १९९५ चा ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ अशा चित्रपटांनी तेथील हिमशिखरे घराघरांत पोहोचवली. याचे उतराई म्हणून २०१६ मध्ये इंटरलाकेन येथे यश चोप्रा यांचा पुतळाही उभा राहिला. दुसरीकडे १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘केसरी’सारख्या मराठी सहल संस्थांनी परदेशाची भीती घालवली. भाषेची अडचण आणि जेवणाची चिंता, दोन्ही मिटल्या.

या सहलीची तयारी मात्र मोठी शिस्तीची असते. मे महिन्यात जायचे तर नोव्हेंबरपासून, म्हणजे सहा महिने आधी, शेंगेन व्हिसाचा अर्ज करता येतो. प्रवासाला पंधरा दिवसांहून कमी अवधी उरला असता तो करता येत नाही. जून २०२४ पासून प्रौढ व्यक्तीला ९० युरो शुल्क पडते. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेची खातेवही, आयकराची विवरणपत्रे, परतीचे तिकीट, निवासाचा पुरावा असा सारा दस्तऐवज जुळवावा लागतो. अर्ज त्या देशाकडेच करायचा, जेथे मुक्काम अधिक. गावच्या ग्रामसभेला वर्षानुवर्षे न फिरकणारा गृहस्थ हे सारे नियम मुखोद्गत करतो. तिकडे पोहोचल्यावर रस्त्यात कागदाचा कपटाही टाकत नाही. नियम पाळण्याची पात्रता आपल्या अंगी पुरेपूर आहे, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

आता ज्या देशासाठी ही यातायात, तो देश पाहा. त्याचे क्षेत्रफळ ४१,२८५ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याहूनही कमी. समुद्रकिनारा नाही, खनिजे नाहीत, बराचसा भाग डोंगराळ. एकोणिसाव्या शतकात तेथील गरीब शेतकरी पोटासाठी अमेरिकेची वाट धरत होते. थॉमस कुकने १८६३ मध्ये तेथे पहिली सहल नेली, तेव्हा जागतिक श्रीमंतीचे हे माहेरघर अजून घडायचे होते. युंगफ्राउयोखपर्यंत, ३,४५४ मीटर उंचीवर, रेल्वे पोहोचली १९१२ मध्ये. आपल्या थळ घाटातून इगतपुरीला आगगाडी आली ती १८६५ मध्ये! डोंगरात रेल्वे नेण्यात सह्याद्री आल्प्सच्या मागे नव्हता. मग मागे पडलो ते कोठे?

याचे उत्तर निसर्गात नसून लोकव्यवस्थेत आहे. १८६८ च्या महापुरांनी हाहाकार माजवल्यावर तेथील लोकांनी जंगलतोडीशी त्याचा संबंध ओळखला आणि १८७६ मध्ये पर्वतीय वनांसाठी संघराज्याचा कायदा केला. वनाखालील क्षेत्र घटता कामा नये, हे त्याचे सूत्र आजही टिकून आहे. १९७९ मध्ये तर पायवाटांना राज्यघटनेत स्थान द्यावे की नाही यावर जनमत घेतले गेले आणि लोकांनी होकार दिला. आज तेथे सुमारे ६५ हजार किलोमीटरच्या पायवाटा खुणांसह राखलेल्या आहेत. पर्यटक जी चित्रासारखी दृश्ये पाहून हरखतो, त्यांच्यामागे दीडशे वर्षांचा हा लोकसंकल्प उभा आहे.

घोटीकरांनी मनावर कोरून ठेवावी अशी गोष्ट पुढेच आहे. स्वित्झर्लंडमध्ये डोंगरातले पाणी अडवून वीज निर्माण करणाऱ्या कंपन्या त्या पाण्याबद्दल प्रांतांना आणि गावांना जलशुल्क देतात. त्याविषयीचा कायदा १९१६ चा. योगायोग असा की, इगतपुरी तालुक्यातील दारणा धरणही १९१६ चेच! त्यानंतर वैतरणा, भावली, मुकणे अशी धरणे येथे झाली. येथल्या पाण्यावर खाली गोदावरीच्या कालव्यांत मळे फुलले. वैतरणेच्या पाण्याने मुंबईची तहान भागली. त्यात वावगे काही नाही. आपले पाणी देशबांधवांच्या उपयोगी पडावे, हा धर्मच आहे. परंतु ज्या तालुक्यात पावसाळ्यात आभाळ फाटते, त्याच तालुक्यातील वाड्या-पाड्यांवरच्या माताभगिनींनी उन्हाळ्यात हंड्यासाठी वणवण करावी, हा कोणता न्याय? आल्प्समधल्या खेड्याला पाण्याचे मोल मिळाले. सह्याद्रीतल्या पाड्याला विस्थापन मिळाले. सहलीला जाणाऱ्याने तेथील तळ्याकाठी छायाचित्र काढताना एवढा एक हिशेब जरूर मनात मांडावा.

दुसरा प्रश्न जमिनीचा. शहरी श्रीमंतांच्या सुट्टीतल्या बंगल्यांनी आपली गावे व्यापून टाकू नयेत, म्हणून मार्च २०१२ मध्ये स्विस मतदारांनी कौल दिला की, कोणत्याही गावात अशी दुय्यम घरे एकूण घरांच्या वीस टक्क्यांहून अधिक असू नयेत. वर्षातून चार आठवडे उघडणारी घरे गाव जगवत नाहीत, उलट जमिनीचे भाव भूमिपुत्राच्या आवाक्याबाहेर नेतात, हे त्यांनी ओळखले. इकडे जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला आणि मुंबई आणखी जवळ आली. डोंगरउतारावर फार्महाऊस आणि रिसॉर्टच्या पाट्या झळकत आहेत. वनवासी बांधवांच्या जमिनीला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ चे संरक्षण आहे. परंतु पळवाटा शोधणाऱ्यांची वाण कोठेच नसते. आज विकलेल्या शेतात उद्या त्याच शेतकऱ्याचा मुलगा पहारेकरी म्हणून उभा राहणार असेल, तर त्या विकासाला विकास म्हणावे काय?

वस्तुतः घोटीच्या परिसराला काय कमी आहे? १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर येथूनच गाठतात. अलंग, मदन, कुलंग ही दुर्गत्रयी, त्रिंगलवाडीचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याचे जैन लेणे, जटायूच्या कथेशी जोडलेले सर्वतीर्थ टाकेद, कपिलधारेचे कावनई ही सारी एका दिवसाच्या टप्प्यात. पण पावसाळ्यातल्या रविवारी कळसूबाईच्या शिड्यांवर उसळणारी गर्दी आणि मागे राहणारा प्लास्टिकचा खच पाहिला की, परदेशात शहाणी झालेली माणसे मायदेशी पाऊल ठेवताच ते शहाणपण विमानतळावरच सोडून येतात काय, असा प्रश्न पडतो.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी देशातील पंधरा स्थळे पाहण्याचे आवाहन केले होते. त्याचा मथितार्थ परदेशाचा तिरस्कार करा असा नव्हता. आपले वैभव आधी आपण ओळखावे, हा त्यातील गाभा. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने देशभरातील भाविकांची पावले नाशिक-त्र्यंबककडे वळतील, तेव्हा त्यांतील काही घोटीमार्गे टाकेद-कावनईलाही येतील. त्या दृष्टीने ग्रामसभांनी आजच काही ठरवावे. पायवाटांवर खुणा व दिशाफलक लावावेत. मुक्कामी पर्यटकाकडून अल्प शुल्क घेऊन ते गावच्या स्वच्छतेवर आणि पाण्यावरच खर्च करावे. स्विस गावे असे शुल्क घेतात आणि अनेक ठिकाणी त्या बदल्यात पाहुण्याला स्थानिक बस मोफत देतात. वाटाडे, निवास आणि भोजन यांची व्यवस्था वनवासी तरुणांच्या व बचत गटांतील भगिनींच्या हाती राहील, असा कटाक्ष ठेवावा. यासाठी कोट्यवधींचा निधी लागत नाही. गावाची एकजूट लागते.

ज्यांना शक्य आहे त्यांनी स्वित्झर्लंडला अवश्य जावे. मात्र येताना केवळ चॉकलेटे आणि छायाचित्रे आणू नयेत. आपल्या डोंगरावर, पाण्यावर आणि मातीवर पहिला अधिकार आणि पहिली जबाबदारी आपल्या गावाची आहे, ही जाणीव आणावी. त्या देशाने डोंगर घडवले नाहीत. डोंगर जपणारा समाज घडवला. सह्याद्री तर भगवंताने आपल्या पदरात केव्हाच टाकला आहे. तो जपणारा समाज घडवणे, एवढेच आपल्याकडे बाकी आहे.