ध्वजावरील चक्र आणि आपले घर

समाज ज्या चिन्हापुढे शतकानुशतके मस्तक नमवितो, त्या चिन्हाच्या घडणीप्रमाणेच त्याची रचना होत जाते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पुरुषसूक्त पाहा. विराट पुरुषाचे मुख ब्राह्मण, बाहू राजन्य, मांड्या वैश्य, आणि पायांपासून शूद्र! पाय डोक्याच्या जागी जाऊ शकत नाहीत. म्हणून समाजातही खालच्याने वर चढू नये, असे धर्माच्या नावाने सांगण्यात आले. मनुस्मृतीने त्यालाच कायद्याचे रूप दिले. अस्पृश्याला तर त्या देहात पायाइतकीही जागा मिळाली नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी १९४६ साली ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात आरंभीच या सूक्ताची चिकित्सा केली, ती याचसाठी.

धम्मचक्राची घडण निराळी आहे. तथागतांनी सारनाथ येथे दिलेल्या पहिल्या उपदेशाचे ते चिन्ह. चक्राला मुख नाही, पाय नाहीत. त्याचे सर्व आरे सारख्याच लांबीचे. सारनाथच्या अशोकस्तंभावरील हेच चक्र २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने राष्ट्रध्वजावर घेतले आणि २६ जानेवारी १९५० रोजी त्या स्तंभाचे सिंहशीर्ष भारताची राजमुद्रा झाले.

परंतु चिन्ह स्वीकारले म्हणजे त्याचा अर्थ स्वीकारला, असे होत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखो बांधवांनी धम्मदीक्षा घेतली. तरी अनुसूचित जाती म्हणून केंद्र सरकारच्या सवलती बौद्धांना मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. ध्वजावर चक्र फडकत होते आणि चक्राचे अनुयायी हक्काच्या दाराबाहेर तिष्ठत होते!

हीच कसोटी आपण स्वतःलाही लावली पाहिजे. बुद्धमूर्ती जुन्या देवांच्या रांगेत मांडली, तर भगवान बुद्ध विष्णूचा अवतार नाहीत या प्रतिज्ञेचे काय झाले? भिंतीवर धम्मचक्र लावून सोयरीक मात्र पोटजात पाहून जुळविली, मुलाला कॉलेजात धाडून मुलीला चुलीपाशी बसविले, तर घरात पुरुषसूक्ताचेच राज्य चालू आहे, असे म्हणावे लागेल.

बंधुभगिनींनो, राज्याकडे हक्क मागताना आवाज चढा ठेवा. पण पंचशील, विवाह आणि मुलींचे शिक्षण यांसाठी कोणाच्या आदेशाची वाट पाहू नका. ते चक्र फिरविणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.