मधल्या वेळची वाटी

जुईनगरच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "संध्याकाळी सातला मी गाडीतून उतरते. मुलं साडेपाचलाच घरी आलेली असतात. तेवढ्या वेळात पाकिटं फुटतात, आणि हल्ली त्याबरोबर ते पांढरं मेयोनीज लागतंच. सासूबाईंना रक्तदाब आहे, त्याही नातवंडांच्या वाटीत बोट घालतात. रागावून काही उपयोग होत नाही. करून ठेवण्याजोगं काहीतरी सांगा."

पत्र एकीचं असलं तरी प्रश्न घरोघरचा आहे. रागावून काही होत नाही हे तर खरंच! भूक लागलेल्या पोराला उपदेश नको असतो, खाणं हवं असतं.

आधी त्या मेयोनीजचं बघू. अंड्याचा बलक आणि तेल घुसळून ते करतात. मोठा चमचाभर घेतलं की साधारण दहा ग्रॅम तेल पोटात गेलं म्हणून समजा. मुलं चमच्यावर थांबतात थोडीच? शिवाय ते कच्च्या अंड्याचं असलं आणि उघड्यावर राहिलं, तर पोट बिघडायला वेळ लागत नाही. तेलंगण सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्ष-वर्षाची बंदी घातली, ती याच भीतीने. बाटलीतल्या बिनअंड्याच्या प्रकारात ही भीती कमी, पण तेल असतंच. घटकपदार्थांची यादी वाचा. जे सर्वांत जास्त, ते सर्वांत आधी लिहिलेलं असतं.

सासूबाईंसाठी एक हिशेब लक्षात ठेवा. पाकिटावर बहुधा मीठ लिहीत नाहीत, सोडियम लिहितात, तेही मिलिग्रॅममध्ये. त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं. शंभर ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दोन ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा. त्यात आमटी-भाजी, लोणचं, पापड सगळं आलं! तेव्हा बाहेरच्या वाटीतलं मीठ दिसत नाही म्हणून ते नाही, असं समजू नका.

आता वाटी बदलू या. सर्वांत सोपा तो चक्का. अर्धा लिटर दही रात्री मलमलच्या फडक्यात बांधून, चाळणीत ठेवून, खाली पातेलं देऊन फ्रीजमध्येच ठेवावं. खाडीकाठच्या दमट हवेत ओट्यावर टांगलं तर सकाळपर्यंत आंबट ढाण होतं. वाटीभर चक्का पडतो. तो चमच्याने फेटून त्यात बारीक चिरलेली कोथिंबीर, चिमूटभर जिरेपूड, लसणाची एक पाकळी ठेचून घालावी. तिखट आवडत असेल तर हिरव्या मिरचीचा ठेचा बोटभर. मीठ मात्र खाताना घालायचं, आधी घातलं की पाणी सुटतं. खाली साठलेलं पाणी ओतून देऊ नका बरं का! पोळ्यांची कणीक त्यात भिजवा, नाहीतर कढीत घाला.

भरीत तर आपल्याकडे पूर्वापार आहे. पाव किलो तांबडा भोपळा सकाळी वरणभाताबरोबरच कुकरमध्ये, पाणी न घालता, वाफवून घ्यावा. कुस्करून झाकून फ्रीजमध्ये ठेवावा. संध्याकाळी त्यात वाटीभर दही, दोन चमचे दाण्याचं कूट आणि वरून चमचाभर तेलाची मोहरी-हिंगाची फोडणी. भरीत म्हटलं की नाक मुरडणारी मुलं 'डिप' म्हटलं की मुकाट्याने खातात. म्हणा तसं! भोपळ्याला काही फरक पडत नाही.

आणि हमस. नाव ऐकून बिचकू नका. अरबीत त्याचा अर्थ हरभरा एवढाच. आपली चैत्रातली आंबेडाळ ही त्याची आतेबहीणच म्हणायची. तिथे कैरी, इथे लिंबू. वाटीभर काबुली चणे रात्री भिजत घालावेत, सकाळी कुकरमध्ये अगदी मऊ शिजवावेत. दोन चमचे पांढरे तीळ कोरडेच भाजून आधी नुसते वाटावेत, नाहीतर ते चण्यांत अख्खे राहतात. मग चणे, लसणाच्या दोन पाकळ्या, अर्धा चमचा भाजलेलं जिरं, एका लिंबाचा रस, बेताचं मीठ आणि दोन चमचे शेंगदाण्याचं तेल. शिजवलेलं पाणी लागेल तसं घालत गुळगुळीत वाटावं. ऑलिव्ह तेलावाचून काही अडत नाही. झाकलेल्या डब्यात फ्रीजमध्ये तीन दिवस राहतं.

जुईनगरच्या मैत्रिणींना तर तुर्भ्याची बाजार समिती हाकेच्या अंतरावर. ठाण्याच्या गाडीने पुढचंच स्टेशन. तिथे मोठ्या मापात घेतलं तर परवडतं, म्हणून मजल्यावरच्या चौघींनी मिळून चणे, तीळ, जवस आणावेत आणि वाटून घ्यावेत.

बुडवून खायला वेफर्सच हवेत असं नाही. काकडी-गाजराच्या फोडी आहेतच, पण मुलांना कुरकुरीत हवं असतं, हेही खरं. उरलेल्या पोळ्यांचे त्रिकोणी तुकडे करून, तेलाचं बोट पुसून, अगदी मंद आंचेवर तव्यावर दाबून भाजावेत. ज्वारीची भाकरी पातळ असेल तर तीही अशीच होते. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावेत. कोमट भरले की तासाभरात वातड. पावसाळ्यात एका दिवसापुरतेच करा. सासूबाईंना चावायला जड गेलं तर त्यांना उकडलेलं रताळं द्या, नाहीतर थालीपिठाचा मऊ तुकडा. हा प्रश्न बहुतेक जणी विसरतात.

आता त्या बाईंनी पत्रात न विचारलेलं. दुपारी एकला डबा, मग थेट रात्री नऊ-साडेनऊला, सगळ्यांचं झाल्यावर जेवण. मधे फक्त चहा, तोही उभ्या-उभ्या. असंच ना? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त. चण्यात लोह आहे, पण कडधान्यातलं लोह अंगी लागायला अवघड. लिंबाने ते सोपं होतं आणि चहाने पुन्हा अडतं. म्हणून वाटलेल्या चण्यांतला लहान डबा आधी तुमच्या पर्समध्ये जाऊ द्या. पोळीच्या तुकड्यांबरोबर तो दुपारच्या डब्यातच खावा, कारण संध्याकाळपर्यंत उन्हाळ्यात बाहेर टिकणार नाही. चहा त्यानंतर तासाभराने. आणि सारखा थकवा, धाप असेल तर नुसत्या चण्यांवर विसंबू नका, रक्त तपासून घ्या. पाहणीतल्या त्या स्त्रियांपैकी कितीजणींना घरातल्यांनी 'आळस आलाय' म्हटलं असेल कोण जाणे.

सुरुवात एकदम तिन्ही वाट्यांनी करू नका. रविवारी चणे वाटा, बुधवारी चक्का बांधा. मुलांना सांगून ठेवा, डबा फ्रीजच्या दुसऱ्या कप्प्यात, तुकडे निळ्या झाकणाच्या डब्यात. पहिल्या आठवड्यात पाकिटंही फुटतीलच, फुटू देत.