कर्जाचा आकडा घरात सांगा



कपाशी-ज्वारीला रास्त भाव नाही, हे आपल्या दुःखाचे मूळ. ते कोणताही समुपदेशक उपटू शकणार नाही. पण सावकाराचे किती घेतले हे घरधनी बायकोला सांगत नाही, ती दुकानाची उधारी लपवते, पोरगा बापाशी बोलत नाही. सरकारशी भांडायचे सोडून आपण घरातच भांडतो.

समुपदेशन म्हणजे वेड्याचा इलाज नव्हे. बाहेरचा जाणता माणूस दोघांचेही ऐकून घेतो, निवाडा देत नाही, घरची गोष्ट गावभर करत नाही. त्याच्यासमोर दडवलेला आकडा बाहेर येतो आणि मग वाट शोधता येते. मात्र मार खाणाऱ्या बाईला 'सांभाळून घे' सांगणारे समुपदेशन आम्हाला नको. तिच्यासाठी २००५ चा कायदा आहे.

ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेलि-मानस' सेवा आहे. १४४१६ वर फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येते.

१९८६ साली चांदवडला शेतकरी बायांचे अधिवेशन झाले. पुढे लक्ष्मीमुक्तीत अनेकांनी बायकोच्या नावे जमीन केली. जिच्या नावे सातबारा होतो, तिच्यापासून कर्ज का लपवायचे?

भावाची लढाई रस्त्यावर लढूच. त्यासाठी आधी घर एक पाहिजे.