कर्नाटकात दर जास्त, पण मुकादमाच्या पदरात किती?

हंगामाची उचल वाटायची वेळ आली की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांत मुकादमांच्या तोंडी एकच प्रश्न असतो. औंदा इथंच सांगली-कोल्हापूरला जायचं, का सीमा ओलांडून बेळगाव, बागलकोट, विजयपूर गाठायचं? ट्रॅक्टरचा हप्ता वाढला, टोळी जास्त उचल मागते, कारखाना बिलातून कर कापतो. त्यात तिकडचा दर टनाला जास्त आहे असं कुणीतरी सांगतं, आणि माणूस गाडी जोडायला तयार होतो. पण दर ऐकून निघण्याआधी हिशेब मांडायला पाहिजे.

आधी कराचं बघू. बऱ्याच जणांचा समज आहे की टीडीएस इकडं कापतात आणि तिकडं कमी कापतात. तसं नाही. आयकर केंद्राचा आहे, सांगलीत आणि बेळगावात एकच. कंत्राटाच्या बिलातून एकट्या माणसाचा १ टक्का कापला जातो. पॅन दिला नसेल तर थेट २० टक्के जातात. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, म्हणजे कापलेला पैसा विवरणपत्र भरून बहुतेकांना परत मिळू शकतो. अडचण वेगळीच आहे. अख्ख्या टोळीचं बिल मुकादमाच्या किंवा वाहनमालकाच्या पॅनवर निघतं. कागदावर सगळी रक्कम त्याचीच दिसते. कोणत्या कोयत्याला किती दिले याची वही आणि बँकेची नोंद नसेल, तर मजुराचा पैसा मुकादमाचं उत्पन्न म्हणून गळ्यात पडतो. त्यामुळं करासाठी राज्य बदलून उपयोग नाही, वही लिहिण्यात उपयोग आहे.

खर्चाच्या बाजूला एक दिलासा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, ट्रॅक्टरच्या टायरवरचा १८ वरून ५ वर आला. पण ज्यांनी त्याआधीच कर्जावर ट्रॅक्टर घेतला त्यांचा हप्ता काही कमी झाला नाही. हप्ता दर महिन्याला येतो आणि ऊस वर्षातून चार-पाच महिनेच असतो. कर्नाटकाची ओढ खरी इथून सुरू होते.

आता दराचं. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि संघटनांच्या बैठकीत, शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीनं, तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. टनाला २७४ च्या आसपास होता तो ३६६ च्या आसपास गेला. मुकादमाचं कमिशन १ टक्क्यानं वाढून २० झालं. हा करार तीन वर्षांचा, म्हणजे पुढची बोलणी दारात आहेत. शेजारच्या राज्यांत दर जास्त आहे, असं संघटना त्याआधीपासून सांगत होत्या, आणि वाढ मागताना तो मुद्दा कामाला आला.

समजा तुमची दहा कोयत्यांची टोळी आहे. एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो असं धरू. म्हणजे दिवसाला २० टन, आणि शंभर दिवसांत २,००० टन. ३६६ च्या दरानं टोळीची मजुरी झाली ७ लाख ३२ हजार. उचल कोयत्यामागं एक लाख धरली तरी १० लाख होते. म्हणजे २ लाख ६८ हजार फिटतच नाहीत. हंगामात आठवड्याला दिलेली खर्ची वेगळीच. ही बाकी मुकादमाच्या नावावर राहते, कारण कारखाना टोळीला ओळखत नाही. तो वाहनमालकाला ओळखतो, वाहनमालक मुकादमाला, आणि मुकादम टोळीला.

आता तिकडं टनाला ५० रुपये जास्त मिळतात असं धरा. २,००० टनाला एक लाख वाढले. बाकी राहिली १ लाख ६८ हजार. म्हणजे जास्त दर मिळूनही उचल फिटली नाहीच. आणि त्यात बारा दिवसांचा खाडा पडला, पावसानं रान ओलं राहिलं, कारखाना बंद पडला किंवा गाडीचा नंबर लागला नाही, तर २० टन गुणिले १२ दिवस गुणिले ४१६ रुपये. ९९ हजार ८४०. वाढीव लाख रुपये गेले. चारशे किलोमीटरच्या पुढं गाडी नेण्या-आणण्याचं डिझेल यात धरलेलंच नाही.

म्हणून विचारायचा प्रश्न "दर किती?" हा नाही. "कारखाना किती दिवस चालणार?" हा आहे. २०२४-२५ च्या हंगामात आपल्याकडं ऊस कमी पडला, बऱ्याच कारखान्यांचा पट्टा लवकर पडला, आणि दर वाढलेला असूनही टोळ्यांवर बाकी राहिली. दिवस कमी पडले तर वाढलेला दरही बाकी फेडू शकत नाही.

दुसरी गोष्ट कागदाची. उचल घेताना कोरा चेक आणि सही केलेला बॉण्ड द्यावा लागतो, हे सगळ्यांना माहीत आहे. २०१५ च्या कायदाबदलानंतर चेक न वटल्याची केस चेक ज्याच्या खात्यात भरला त्या बँक शाखेच्या भागात चालते. समोरच्यानं तो बागलकोटच्या शाखेत भरला तर तारखेला बागलकोटला जावं लागणार. वकील तिकडचा, भाषा कन्नड. सांगलीची तारीखही लांबच, पण ती मराठीत असते.

तिसरी गोष्ट अडचणीच्या दिवसांची. कोरोनाच्या टाळेबंदीत १७ एप्रिल २०२० ला महाराष्ट्रानं आपल्या कारखान्यांवर अडकलेल्या ऊसतोड मजुरांना घरी परत जायला परवानगी दिली. ३८ कारखान्यांवरचे सुमारे १ लाख ३१ हजार लोक त्यात होते. राज्याबाहेर अडकलेल्यांना सीमा ओलांडायची परवानगी केंद्रानं दिली २९ एप्रिलला. बारा दिवसांचा फरक. सीमेपलीकडच्या माणसासाठी दोन सरकारं बोलावी लागतात, हे तेव्हा कळलं. लेकरांचंही तसंच. गावात हंगामी वसतिगृहात ठेवलं तर ठीक, बरोबर नेलं तर तिकडची शाळा कन्नड. रेशन मात्र आता तिकडंही मिळतं, कार्ड आधारला जोडलेलं पाहिजे.

मग जाऊच नये का? असंही नाही. ज्याची टोळी चार-पाच वर्षं जुनी आहे, ट्रॅक्टरचं कर्ज फिटत आलंय, आणि तिकडचा कारखाना आधीपासून माहितीतला आहे, त्याला जास्त दर खरंच परवडू शकतो. पण नवी टोळी, सावकाराच्या पैशातून वाटलेली उचल आणि फोनवर ठरलेला दर, अशा तिन्ही गोष्टी एकत्र असतील तर सीमा ओलांडू नये. टोळी फुटली तर इकडं नातेवाईक, सरपंच, चार माणसं मध्ये पडतात. तिकडं मुकादम एकटा असतो.

जायचंच असेल तर उचल घेण्याआधी चार गोष्टी लिहून घ्या. टनाचा दर आणि कमिशन. कारखान्याच्या चुकीनं खाडा पडला तर दिवसाचा भत्ता. जाण्यायेण्याचा खर्च कुणाचा. आणि टोळीतल्या प्रत्येकाचं नाव, आधार, बँक खातं. परराज्यात जाणाऱ्या मजुरांसाठी १९७९ पासून कायदा होता, २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो नव्या कामगार संहितेत गेला. प्रवासभत्त्याची तरतूद त्यात आहे. पण यादीत नावच नसेल तर भत्ता कशाच्या जोरावर मागणार? घर सोडण्याआधी ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्रही काढून घ्या. गोपीनाथ मुंडे महामंडळाच्या योजनांसाठी ते लागतं.

आणि एक गोष्ट विसरू नका. २०२४ ची ३४ टक्के वाढ कुणा एका मुकादमाला मिळाली नाही, हजारो कोयते थांबले म्हणून मिळाली. कर्नाटकात गेलेला मुकादम आपला दर एकटाच ठरवतो आणि एकट्याला मिळेल तेवढाच घेतो. पुढच्या करारात खाड्याचा भत्ता आणि मजुराच्या खात्यात थेट मजुरी, या दोन गोष्टी पदरात पडल्या तर सीमेपलीकडच्या ५० रुपयांपेक्षा त्या जास्त पुरतील. मागणी लावायची असेल तर उचल हातात पडायच्या आधी लावा. उचल घेतल्यावर कुणी ऐकत नाही.